तुरेरावांचं ताट

माझा कुत्रा तुऱ्या आज जिवंत आहे तो आमच्या जालन्याच्या घरमालक काकांमुळं. हे आधीच लिहून टाकते. काय झालं ते सांगायला लागले की माझा जीव घाबरा होतो, एकातून दुसरं निघतं, आणि ज्याचं पहिलं सांगायचं ते मागं राहतं. काकांचं नाव मात्र लिहिणार नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, "नाव कशाला? नमुन्यावर नंबर असतो, नाव नसतं."

मी आठवी पास. नववीत आईच्या दुखण्यात शाळा सुटली ती सुटलीच. आता इथं कच्छमध्ये आमच्या ह्यांच्या कामासाठी येऊन चार वर्षं झाली. पुढं खारट माळ, वर नुसता वारा, आणि शेजारणींची भाषा मला अजून अर्धीच कळते. दुपारी एकटी बसले की तुऱ्या पायाशी येऊन पडतो, आणि मला जालन्याचं ते पत्र्याचं फाटक आठवतं, फाटकामागचा लिंब आठवतो, आणि लिंबाखाली खुर्चीवर बसून भिंगातून काहीतरी वाचणारे काका आठवतात.

तुऱ्या हा माझ्या आबांचा, म्हणजे वडिलांचा कुत्रा. हसनाबादच्या शेतात जन्मला. सगळा काळा, फक्त शेपटीच्या टोकाला पांढरा झुबका, मक्याच्या तुऱ्यासारखा. म्हणून आबांनी नाव ठेवलं तुऱ्या. आबा गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "सोडून दे त्याला राजूरच्या रस्त्यावर. जत्रेचं गाव आहे, उपाशी मरणार न्हाई." मी तिथल्या तिथं त्याला टेम्पोत घातला आणि जालन्याला घेऊन आले. आबांनी हातानं भरवलेलं असं त्या घरात दुसरं कोणी राहिलं नव्हतं, आई तर आधीच गेल्ती.

आमचे हे तेव्हा एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होते आणि मी बियाण्याच्या कारखान्यात निवडणीच्या लाईनवर. काकांच्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडं भाड्यानं होत्या. मला वाटलं होतं, कुत्रं बघून काका नको म्हणतील. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, तुऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "या. बसा."

मी इकडंतिकडं बघितलं. माझ्याशी तर ते कायम एकेरीत बोलायचे.

"तू नव्हं गं. ह्यांना म्हणलो."

काकांची ही एक तऱ्हाच होती. माणसाला अरे-तुरे आणि मुक्या जिवाला अहो-जाहो. दुधवाला, भाडेकरू, स्वतःची पुण्यातली लेक, सगळ्यांना तू. पण चिमणी आली की "घ्या, पाणी घ्या." पहिल्या दिवसापासून तुऱ्याचे तुरेराव झाले. मी एकदा विचारलं, "काका, असं का?" तर म्हणाले, "तुला राग आला तर तू भांडशील. हे भांडू शकत न्हाईत. मंग निदान बोलण्यात तरी मान द्यावा."

काका सगळी नोकरी बियाण्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. पोत्यातून नमुना काढायचा, शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा, आणि सातव्या दिवशी उघडून बघायचं किती उगवले. निवृत्त झाले तरी तो हात काही गेला नाही. मंडईत वाटाणा घ्यायला गेले तर पाटीच्या वरून एक, मधून एक, तळातून एक शेंग काढून सोलायचे. भाजीवाली ओरडायची, "काका, घेता पाव किलो आन् तपासता ट्रकभर!" त्यावर काका शांतपणे, "ट्रक असता तर दहा ठिकाणाहून काढल्या असत्या."

आणि कोणी काही सल्ला दिला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. कोणी सांगितलं? कोणावर पाहिलं? किती दिवस पाहिलं? समोरचा माणूस गुळवेलाच्या काढ्याचे गुण सांगत असो की पावसाचा अंदाज, काका एकेक बोट दुमडत तीन प्रश्न विचारायचे. अर्धी गल्ली त्यांच्या या प्रश्नांना भिऊन पलीकडच्या बाजूनं जायची.

तुऱ्याला शहर मानवलं नाही. शेतात तो आबांच्या भाकरीतली भाकर खायचा, दिवसभर पळायचा. इथं येऊन त्यानं खाणं टाकलं. अंगावरचे केस झडले, खाजवून खाजवून मानेवर चट्टे पडले, पोट कायम ढिलं. माझा स्वभाव आधीच भित्रा. जो जे सांगेल ते मी करायची. कोणी म्हणलं दूध-बिस्किट द्या, दिलं. कोणी म्हणलं मटणाचा रस्सा, दिला. ताक, अंडं, हळदीचं पाणी, खोबरं, एकदा तर चहात बुडवलेली पोळी. रोज नवीन. तो जितका खाईना तितकं मी दुसरं काहीतरी पुढं करायची.

एका सकाळी मी अंगण धूत होते, तुऱ्यानं घाण केलेली. काका लिंबाखाली उभे राहून बघत होते.

"काय करून राह्यली?"

"काका, पोट बिघडलंय त्याचं. कशानं तेच कळंना."

"या आठवड्यात काय काय दिलं? मोज."

मी बोटं मोजायला लागले. दोन्ही हात संपले तरी एक उरलं.

काका खुर्चीवर बसले. "अकरा गोष्टी. एका वाफ्यात तू अकरा बियाणं टाकली आन् विचारून राह्यली, कोणतं उगवलं न्हाई. कसं कळणार पोरी? त्या ब्रह्मदेवाला कळणार न्हाई."

मला रडू आलं. मी म्हणलं, "मंग काय करू? मरू देऊ का त्याला?"

"मरायचं कशाला?" काका उठले, आत गेले आणि एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले. पहिल्या पानावर माझ्याकडूनच लिहून घेतलं: 'तुरेराव. वय अंदाजे चार. मूळ गाव हसनाबाद.' खाली रेघा मारल्या. तारीख, काय दिलं, किती दिलं, खाल्लं का, पोट कसं. "एका वेळी एकच बदल. सात दिवस बघायचं. पटलं तर ठेवायचं, न्हाई तर काढायचं. आन् जे झालं ते लिहायचं. जे व्हायला पाहिजे होतं ते न्हाई."

शाळा सुटल्यापासून मी हातात पेन धरलं नव्हतं. त्या वहीत पहिल्या दिवशी 'तुरेराव' लिहिताना मी दोनदा खोडलं.

मंग सुरू झाली काकांची चौकशी. आधी मला आणि तुऱ्याला घेऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच, पण बोलायला मोकळ्या. त्यांनी तुऱ्याच्या मानेवर लावायला औषध दिलं, जंताची गोळी दिली आणि सांगितलं, सध्या साधं द्या, मऊ भात आणि बिनमसाल्याची शिजवलेली कोंबडी, हाड काढून. दूध बंद, बिस्किट बंद, मीठ-तिखट बंद, कांदा-लसूण तर बिलकुल नाही. काकांनी विचारलं, "कोणावर पाहिलं?" मॅडम हसल्या. "काका, रोज पंधरा-वीस कुत्री बघते मी. त्यांच्यावर." काका खूश. परत येताना रिक्षात म्हणाले, "हिचं ऐकायचं."

तरी दुकानातलं तयार खाणंही बघून घेऊ, म्हणून आम्ही बाजारात एका दुकानात गेलो. पिशवीवर कुत्र्याचा चकचकीत फोटो, शेजारी भाजलेली कोंबडी. काकांनी भिंग काढलं आणि पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागं गिऱ्हाईक उभं राहिलं.

दुकानदार म्हणाला, "काका, चिकनचं आहे ना. फोटो दिसत न्हाई का?"

"फोटो मी जिंदगीभर बियाण्याच्या पिशवीवर पाहिले. आतून तसं कणीस निघालेलं एकदाही पाहिलं न्हाई. इथं पहिलं नाव मक्याचं लिहिलंय. जे जास्त ते पहिलं लिहितात. मंग फोटो मक्याचा पाहिजे होता."

"अहो काका, कुत्र्याला खाऊ घालायचंय का सोयरीक जुळवायचीय?"

"सोयरीक फसली तर सून भांडते तरी. हे काय करतील?"

दुकानदारानं हात जोडले. शेवटी काकांनी तीन पिशव्यांवरचं सगळं माझ्याकडून वहीत उतरवून घेतलं आणि काही न घेता बाहेर पडले. दारात थांबून मात्र त्याला म्हणाले, "वाईट न्हाई तुझा माल. दुसऱ्या नंबरची पिशवी बरी आहे. प्रवासाला लागली तर तीच नेईन." आम्ही कच्छला निघालो तेव्हा रेल्वेसाठी त्यांनी खरंच त्याच नंबरची पिशवी आणून दिली.

आमचे हे संध्याकाळी मिलमधून आले की वही चाळायचे आणि टोमणा मारायचे, "आठ वर्षं झाली लग्नाला. माझ्या डब्यात काय दिलं ते कधी लिहिलं न्हाईस."

"तुमचं पोट बिघडलं तर तुम्ही सांगता," मी म्हणायची. ते काकांचंच वाक्य होतं.

पहिले तीन दिवस वही छान भरली. 'भात एक वाटी. कोंबडी अर्धी वाटी. सगळं खाल्लं.' पोटाचा रकाना बघायला काका रोज सकाळी स्वतः यायचे. काडी घेऊन, कमरेत वाकून, चष्मा सांभाळत. चौथ्या दिवशी सकाळी अंगणातून आवाज आला, "वा! काय बांधा आहे! ये गं, बघ!" शेजारची मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि आत पळाली.

त्याच दिवशी मी घोळ केला.

तुऱ्याच्या बरगड्या दिसत होत्या. हिरड्या पांढऱ्या वाटत होत्या मला. आदल्या दिवशी लाईनवर माझ्याशेजारी बसणारी बाई म्हणाली होती, "मनुके भिजवून दे. रात्रभर भिजवायचे, सकाळी द्यायचे. रक्त भरतं." मला काकांचे तीन प्रश्न पाठ होते. मी विचारलेसुद्धा. कोणी सांगितलं? तिच्या सासूनं. कोणावर पाहिलं? तिच्या मुलीवर. किती दिवस? महिनाभर. तिन्हींची उत्तरं आली! रात्री मी मूठभर मनुके वाटीत भिजवून ठेवले, तरी काकांना सांगितलं नाही, कारण 'एका वेळी एकच बदल' हे मला माहीत होतं. तुऱ्यानं ते चाटूनपुसून खाल्ले. आबांच्या हातून गूळ खायचा तसे. मला इतका आनंद झाला! वहीत मी लिहिलं, 'भात, कोंबडी. बाकी काही नाही.'

पाचव्या दिवशी सकाळी त्याला दोन उलट्या झाल्या. खाणं पुन्हा टाकलं. काका वहीसमोर बसून राहिले. सगळ्या ओळी त्यांनी वरून खाली, खालून वर वाचल्या. "भात तोच. पाणी तेच. मंग राहिली कोंबडी." आणि पिशवी घेऊन तडक कोंबडीवाल्याकडं गेले. मी मागं मागं. काकांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"शिळी दिली तू काल!"

"काका, आईशप्पथ ताजी होती. त्याच कोंबडीचं माझ्या घरी शिजलं. आई माझी आजारी, तिलाच दिलं की!"

"मंग ह्यांना उलट्या कशा झाल्या?"

तो भला माणूस खाली मान घालून म्हणाला, "मला काय माहीत काका. तुम्ही म्हणता तर असंल."

मी तिथं उभी होते. मला वाटलं, मी बोलले तर काका म्हणतील, घेऊन जा तुझं कुत्रं आणि खोली खाली कर. त्याहून जास्त भीती ही, की ती वही ते बंद करतील.

सहाव्या दिवशी तुऱ्या उठेना. तोंडाला वास यायला लागला. आदल्या दिवशीपासून त्यानं लघवी केली नव्हती. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात गेलो. मॅडमनी पोट दाबून बघितलं, त्यांचा चेहरा बदलला. "बाहेरचं काही खाल्लं का? औषध, उंदराची गोळी, काही?"

काकांनी वही टेबलावर ठेवली. "काही न्हाई. सगळं लिहिलेलं आहे. तू नीट बघ." मॅडमनी पान उलटलं, माझ्याकडं एकदा बघितलं. तेव्हा काका म्हणाले, "ही पोरगी खोटं लिहीत न्हाई."

ते वाक्य मला आजही ऐकू येतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प राहिले असते, इतकी मी भित्री. पण ते तसं म्हणाले आणि मला गप्प राहता येईना. मी टेबलाचा कोपरा धरून म्हणलं, "मनुके दिले. परवा. मूठभर. मी लिहिलं न्हाई."

मॅडम लगेच उठल्या. "द्राक्ष-मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याला वाईट होतं. बरं झालं बोललात. मी पोटाचंच औषध देऊन घरी पाठवणार होते." सलाईन लावली. सांगितलं, लघवी सुरू झाली तर आशा आहे, नाही झाली तर मन घट्ट करा.

माझ्यासाठी ते तीन दिवस म्हणजे आबा दुसऱ्यांदा जाण्याचे दिवस होते. मी कामावर गेले नाही. सकाळी दवाखाना उघडला की तुऱ्याला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची, बंद झाला की घरी आणायची. काका रोज यायचे. पाण्याची बाटली आणायचे, माझा डबा आणायचे, सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजायचे. पण माझ्याशी एक शब्द नाही. तुऱ्याशी मात्र बोलायचे, "कसं वाटतंय आता? घाई न्हाई. सावकाश होऊ द्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी काका त्याला जरा उभं करून बघत होते, दोन्ही हातांनी पोटाखाली धरून. तुऱ्याचे पाय थरथरले आणि काकांच्या स्वच्छ पांढऱ्या पायजम्यावर गरम धार लागली. मी ओरडले, "काका, बाजूला व्हा!"

"हलायचं न्हाई आता!" काका पुतळ्यासारखे उभे. "होऊ द्या, होऊ द्या तुरेराव. सगळी होऊ द्या. पोरी, वेळ बघ! किती वाजले? लिही!"

मी रडत होते, हसत होते, पेन सापडत नव्हतं. मॅडम बाहेर येऊन बघतात तर काका भिजलेल्या पायजम्यानं उभे आणि म्हणतात, "मॅडम, पास!"

त्या दिवशी परत आल्यावर काकांनी मला लिंबाखाली बसवलं. मला वाटलं, आता खोली खाली करायला सांगणार. काकांनी वही उघडली, चौथ्या दिवसाचं पान काढलं. मी पटकन म्हणलं, "काका, खोडून नीट लिहिते."

"खोडायचं न्हाई." त्यांनी माझ्या ओळीच्या शेजारी, समासात, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं: 'मूठभर मनुके. नोंद उशिरा.' मंग वही मिटून ती मांडीवर ठेवली.

"मी एकदा दोन कोंब जास्त मोजले होते," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"बाजरीचा नमुना होता. सातवा दिवस. कागद उघडला, मोजले, पास व्हायला दोन कमी. दोन कोंब वाकडे होते. वाकडा कोंब मोजायचा नसतो, तो मातीतून वर येत न्हाई. पण पुन्हा लावायचं म्हणजे अजून सात दिवस. आन् मला त्या दिवशी लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जायचं होतं. कोणी सांगितलं न्हवतं मला. मीच त्या दोघांना सरळ म्हणलो आन् गेलो."

"मंग?"

"पेरणी झाल्यावर राजूरच्या बाजूचा एक माणूस कारखान्याच्या फाटकावर आल्ता. त्याच लॉटची पिशवी घेऊन. भांडला न्हाई. फक्त विचारलं, साहेब, ओळीत मधी मधी जागा का राह्यली? माझं चुकलं का बियाण्याचं?" काकांनी चष्मा पुसला. "दोन कोंबांनी शेत जात न्हाई पोरी. त्याचं पेरणं खोल गेलं असंल, पाणी कमी पडलं असंल. पण मी त्याला काही सांगू शकलो न्हाई. माझ्याकडंच खरं काय ते लिहिलेलं न्हवतं. तू त्या कोंबडीवाल्यापुढं उभी होती ना, तसा मी त्याच्यापुढं उभा होतो."

म्हणजे त्यांना तेव्हाच माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

"तू तर तीन दिवसांत बोलली," ते म्हणाले. "मी आज बोलून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोंबडीवाल्याकडं गेलो. काकांनी भर दुकानात हात जोडले, "माझा निकाल चुकला. तुझा माल चांगला होता." मी म्हणलं, "चूक माझी होती दादा." तो बिचारा गोंधळला, कोंबडी सोडून आम्हालाच चहा पाजला. त्याच्या आईची चौकशी काका पुढं दर आठवड्याला करायचे, तिला अहो-जाहो करून. माणसांत तेवढी एकच बाई होती तो मान मिळालेली.

तुऱ्याचं ताट ठरायला मंग चार महिने लागले. मॅडमना विचारून, एकेक बदल, सात-सात दिवस. मूत्रपिंड सावरेपर्यंत मॅडमनी लिहून दिलं तेवढंच. पुढं भाताच्या जागी आठवड्यातून दोनदा ज्वारीची मऊ भाकर, ती पटली. बाजरी नाही पटली, काढली. लाल भोपळा पटला. दुधी तुऱ्यानं हुंगून सोडला, काकांनी लिहिलं, 'तुरेरावांना मान्य नाही.' अंडं उकडून, एका दिवसाआड. दही एक चमचा. मोसंबीच्या दिवसांत सगळी गल्ली मोसंबी खायची, तुऱ्या तोंड वर करून बघायचा, पण काका त्याच्यासमोर सालसुद्धा पडू द्यायचे नाहीत. मानेवरचे चट्टे गेले, काळे केस परत आले. शेपटीचा झुबका असा उभा राहिला की आबा असते तर म्हणाले असते, आला तुरा.

काका दर चतुर्थीला एसटीनं राजूरच्या गणपतीला जायचे. येताना पेढे आणायचे. पहिला पेढा तुऱ्याच्या नाकाशी धरायचे. "प्रसाद आहे, वास घ्या. साखर तुम्हाला चालत न्हाई." आणि पेढा स्वतःच्या तोंडात. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. काकांनाच साखरेच्या दुखण्याची गोळी चालू आहे हे मला फार उशिरा कळलं, खिडकीतलं पाकीट बघून.

आणि कुत्र्याच्या जेवणाची चार महिने परीक्षा घेणारा हा माणूस स्वतः काय खायचा? चहा आणि टोस्ट. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी कुठून आलं तर पोळीभाजी, संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट. गॅसपाशी उभं राहूनच. मी भाजी नेऊन दिली की म्हणायचे, "ठेव," आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच झाकलेली असायची. मी ओरडले की म्हणायचे, "माझी चाचणी संपली गं. आता पोतं शिवून ठेवलंय."

आम्ही जालना सोडलं त्या दिवशी काका फाटकापर्यंत आले. तुऱ्याला म्हणाले, "सांभाळून जा. तिकडचं पाणी वेगळं आहे, पहिले सात दिवस दुसरं काही बदलू देऊ नका हिला." मला म्हणाले, "जा आता, जल्दी कर." वही त्यांनी माझ्या पिशवीत आधीच ठेवली होती.

इथं माझी ती वही चार बायकांना माहीत झाली आहे. त्यांची कुत्री, त्यांची दुभती जनावरं, कोणाचं काही बिघडलं की येतात. मी मोडक्या गुजरातीत तीन प्रश्न विचारते, आणि त्यात एक शब्द माझा घालते: कोणावर पाहिलं, माणसावर का जनावरावर? मंग दवाखान्यात पाठवते.

काकांना मी रविवारी फोन करते. पहिला प्रश्न तुरेरावांचा. पोट कसं, दात कसे, किती खातात. तुऱ्या आता म्हातारा झाला, दात झिजले, भाकर दह्यात कालवून देते. ते सगळं ऐकून घेतात. मागच्या वेळी मी विचारलं, "काका, तुम्ही आज काय जेवलात?"

"जेवलो की."

"काय?"

मंग म्हणाले, "चहा."

आवाज पातळ वाटला मला. श्वास मधी मधी थांबत होता. लेक म्हणते पुण्याला चला, ते म्हणतात लिंबाला पाणी कोण घालील.

दुसऱ्या दिवशी मी एक नवीन वही आणली. पुठ्ठा तसाच जाड. रेघा मारल्या. तारीख, काय दिलं, किती दिलं, खाल्लं का. पहिल्या पानावर लिहिलं: 'काका. मूळ गाव जालना.' यावेळी एकदाही खोडलं नाही.

काका, मी येणार आहे. ह्यांची सुटी लागली की, तुरेरावांना घेऊन, त्याच दुसऱ्या नंबरच्या पिशवीसकट. तुमच्या मागच्या खोलीत राहीन आणि तुमचं ताट ठरवीन. तुमच्या साखरेच्या डॉक्टरला विचारून, एका वेळी एकच बदल, सात-सात दिवस, लागतील तेवढे महिने. आधी टोस्ट काढू, चहा तेवढा राहू देऊ. तुम्ही रागावाल, पोतं शिवलंय म्हणाल, तरी मी दोरा उसवणार. आणि लपून पेढा खाल्लात तर मी ओरडणार नाही. फक्त सांगा. उशिरा सांगितलं तरी चालेल. समासात जागा सोडून ठेवली आहे.